समाधीपुढचा साज

६ मेला सकाळी नर्सरी बागेत राजर्षी शाहू महाराजांच्या समाधीवर फुलं वाहिली जातात आणि दुपारच्या जेवणाआधी तिथले फोटो अख्ख्या कोल्हापुरात फिरून येतात. फोटोत राजघराण्यातली मंडळी असतात, पुढारी असतात, शाळेची पोरं असतात. जेवणं उरकली, डुलकी काढून झाली, की शेरे सुरू होतात. साडीचा रंग आजच्या दिवसाला शोभतो का? काठ जरा जास्तच नाही का? गळ्यात मोती कशाला? आणि मोती नसले, तर राजघराण्यातल्या बाईनं असं ओकंबोकं यायचं का? पदर डोक्यावर होता की खांद्यावर?

ज्या माणसासाठी ती फुलं होती, त्याच्याबद्दल या सगळ्या माळेत एक अक्षर नसतं. मला याचा राग येतो. दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी गप्प बसतो. यंदा लिहितो.

आधी हे बघा, की शेरे पडतात कुणावर. बायकांवर. त्याच फोटोत मागच्या रांगेत भरजरी फेटे बांधून आलेले पुरुष उभे असतात. तुरा असा ताठ, की त्यांच्या मागं उभ्या असलेल्या पोराला समाधी दिसत नाही. कपाळावर उभं गंध, मिशीला पीळ, अंगावर लग्नाच्या वरातीतून उचलून आणलेली शेरवानी आणि नजर समाधीकडं नसून मोबाइलकडं. त्यांना कुणी विचारत नाही, की बाबा रे, पुण्यतिथीला आलास की हळदीला? बाईच्या पदराची मात्र बोटाबोटानं मोजणी होते.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी लंडनमध्ये सेनोटाफ नावाच्या स्मारकापुढं इंग्लंडचं राजघराणं युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी उभं राहतं. पहिल्या महायुद्धानंतर, ११ नोव्हेंबर १९२० रोजी, या दगडी स्मारकाचं अनावरण झालं. पुरुष लष्करी पोशाखात, बायका काळ्या कोटात, छातीवर लाल पॉपीचं फूल. राण्या आणि राजकन्या समोरच्या इमारतीच्या सज्ज्यातून बघत असतात. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रांत काय छापून येतं? टोपी कुणाची, कोट कुणी शिवला, पॉपी एक लावली की तीन, कानातले मोती सासूचे होते का. दोन मिनिटं जे शांत उभे राहिले, ते कुणासाठी उभे राहिले, हे वाचायला पान उलटावं लागतं. त्या पहिल्या महायुद्धात आपल्याही जिल्ह्यातली पोरं गेली होती. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे, तिथं पिढ्यान् पिढ्या फौजेत जातात. तिकडच्या एखाद्या म्हातारीला लंडनच्या कोटाची शिलाई सांगून बघा.

तिथला रंग काळा, आपला पांढरा. तिथं मेलेल्याचा मान राखायला पुरुष डोक्यावरची टोपी काढतात. आपल्याकडं मान राखायचा तर डोकं झाकायचं, टोपी घालायची, पटका बांधायचा, पदर घ्यायचा. दोन्हीकडं नियम असतो आणि त्या नियमाला अर्थही असतो. तो अर्थ एवढाच, की आज माझ्याकडं बघू नका, त्याच्याकडं बघा. दुखवट्याचे कपडे माणसाला मागं सारण्यासाठी असतात. सगळे पांढऱ्यात आले, की कोण श्रीमंत, कोण गरीब हे तासाभरापुरतं तरी डोळ्यांवर येत नाही. ज्याच्या पायी सगळे जमले, तोच तेवढा मधोमध उरतो.

मग फेटा वाईट का? अजिबात नाही. फेट्याशी माझं वैर नाही. आमच्या गल्लीत एक फेटे बांधणारे काका होते. आठ-नऊ मीटरचं कापड, एक टोक दातात धरायचं, दुसरं समोरच्याला ताणून धरायला लावायचं आणि पीळ देत देत, कपाळावर बरोबर मधोमध कोन साधत ते डोक्याला असा वळसा घालत, की बांधून घेणाऱ्याचा कणा आपोआप सरळ व्हायचा. शेमला पाठीवर किती सोडायचा, तुरा किती उंच काढायचा, हे ते समोरच्याला विचारत नसत. काम काय आहे, ते विचारत. लग्न म्हटलं, की तुरा वर. कुस्तीच्या मैदानात सत्कार म्हटलं, की जरा घट्ट, उचलून घेतलं तरी सुटायला नको. आणि कुणाच्या घरी तेराव्याला जायचं असलं, तर ते पांढरा पटका बांधत. त्याला तुरा नाही, शेमला आखूड. बांधताना बोलतही नसत. त्या माणसाला कळत होतं ते आता मोठमोठ्या आयोजकांना कळत नाही. हल्ली कार्यक्रम कुठलाही असो, दारातच भाड्याच्या फेट्यांचं गाठोडं सोडलेलं असतं. शिवून तयार असलेले, टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे. जयंतीला तेच, पुण्यतिथीला तेच.

राजेशाही थाट बघायचा तर दसऱ्याला या. दसरा चौकात संध्याकाळी छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते, अंबाबाईची पालखी येते, शमीपूजन होतं, बंदुकांची सलामी होते आणि सोनं लुटायला माणसावर माणूस पडतो. तिथं मखमल हवी, जर हवी, मोत्यांचा तुरा हवा. ती सीमोल्लंघनाची रीत आहे आणि कोल्हापूरच्या पोरापोरीला ती बघायचा हक्क आहे. मी दर दसऱ्याला लवकर जाऊन पुढची जागा धरतो आणि राजघराण्यातलं कुणी साध्या कपड्यांत आलं, तर मला चुकल्याचुकल्यासारखं होईल. पण दसरा चौक आणि नर्सरी बाग यांच्यातला फरक ज्याला कळत नाही, त्यानं दोन्हीकडं जाऊ नये.

शाहू महाराजांना तो फरक पुरता कळत होता. दरबारी छायाचित्रांत ते पूर्ण राजवेषात दिसतात. राजा म्हणून बसायचं, तर तसं बसावं लागतं. आणि त्यांना जवळून पाहिलेल्यांच्या आठवणींत मात्र साध्या कपड्यांतला, धिप्पाड, शेतकऱ्यात शेतकरी होऊन बसणारा माणूस पुन्हा पुन्हा येतो. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. समारंभ ठरला होता २६ जूनला, म्हणजे नेमका महाराजांच्या वाढदिवसाला. राजाचं पोट दुखायला लागलं, शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. साऱ्या साम्राज्यातले राजेरजवाडे हिरेमाणकं लेवून लंडनात ताटकळले होते. त्याच मधल्या काळात, २६ जुलै १९०२ ला, इकडं करवीर गॅझेटमध्ये महाराजांचा हुकूम छापून आला: संस्थानात यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांच्या माणसांना द्याव्यात. लंडनात त्या उन्हाळ्यात कुठल्या राजानं काय घातलं होतं, हे आज कुणाच्या ध्यानात नाही. तो हुकूम आजही देशभर वाद घालायला लावतो.

पोशाखाचंही एक काम असतं, आणि तेही एका कोल्हापूरच्याच राजाच्या स्मारकावर दिसतं. छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे शाहू महाराजांच्या आधीच्या आधीचे छत्रपती, १८७० साली इंग्लंडला गेले. व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी लिहिली आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि त्या शहरात हिंदू पद्धतीनं अंत्यसंस्कार कुणी बघितले नव्हते. अर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात तिथं, संगमावर, त्यांना अग्नी दिला. प्रयाग चिखलीच्या संगमावर जाऊन आलेल्या कुठल्याही कोल्हापूरकराला कळेल, की संगमच का शोधला असेल. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मॅंट यांचा, ज्यांनी पुढं आपल्या न्यू पॅलेसचाही आराखडा केला. छत्रीखाली फुलर नावाच्या शिल्पकारानं घडवलेला अर्धपुतळा आहे: डोक्यावर पागोटं, गळ्यात मोत्यांचे सर आणि सगळा रंगवलेला. पांढऱ्याशुभ्र संगमरवराच्या त्या शहरात रंगीत पुतळा. तिथले लोक त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात आणि शेजारच्या नव्या पुलालाही तेच नाव पडलं आहे.

तिथं तो पोशाख हवाच होता. परक्या मुलखात, जिथं नाव उच्चारता येत नाही तिथं, कपड्यांनीच ओळख सांगायची असते. इथं कोल्हापुरात त्याच राजाराम महाराजांची ओळख कशी सांगतात? राजाराम कॉलेज म्हणून. १८८० पासून. गावात त्यांचा पुतळा कुठं आहे, हे विचारलं तर दहातले आठ जण गोंधळतील. राजाराम कॉलेज मात्र शेंबडं पोरही दाखवील. ओळखीच्या गावात पागोट्याची गरज पडत नाही. मग शाहू महाराजांच्या पुढाकारानं ज्या शहरात मिल निघाली, बोर्डिंगं निघाली, खासबागेचा आखाडा निघाला, त्या शहराला त्यांची ओळख कुठल्या भरजरी कापडानं करून द्यायची आहे?

मला विचाराल तर पुण्यतिथीला काय घालावं, हे मी एकदाच डोळ्यांनी बघितलं आहे. ६ मे २०२२, शुक्रवार. महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली होती. मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजवर ६ मे १९२२ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचं वय ४७ होतं. शताब्दीला शहरानं ठरवलं, की सकाळी बरोबर दहा वाजता शंभर सेकंद जो जिथं असेल, तिथं थांबायचं.

मी भाऊसिंगजी रोडला होतो. दहाच्या ठोक्याला गाड्या थांबल्या, हॉर्न थांबले. पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल पोतं खाली न टाकता तसाच वाकून उभा राहिला. चहाच्या गाड्यावरच्या पोरानं किटली वरून धार सोडली होती, ती त्यानं मध्येच तोडली आणि किटली छातीशी धरली. गॅरेजातला मिस्त्री बाहेर आला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, ग्रीसनं माखलेले. ते हात जोडावे की लपवावे, हे त्याला कळेना. त्यानं आधी ते पाठीमागं नेले, मग पुढं आणले आणि शेवटी तसेच जोडले. वरच्या मजल्यावर एक बाई पिळलेला टॉवेल हातात घेऊन उभी होती. त्या टॉवेलमधून पाणी ठिबकत होतं आणि खाली रस्त्यावर त्याचा टप् टप् आवाज येत होता. एरवी भाऊसिंगजी रोडला तो आवाज कधी आला असता?

कुणालाही कपडे करायला वेळ मिळाला नव्हता. ज्याच्या अंगावर कामाचे जे कपडे होते, त्याच कपड्यांत शहर उभं राहिलं. बनियन, गणवेश, गाऊन, हॉस्पिटलचा पांढरा कोट, सगळं एका ओळीत. इतका देखणा पोशाख मी कोल्हापुरात दसऱ्यालासुद्धा बघितलेला नाही.

रस्ताही बरोबर होता. याच भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं. राजवाड्याच्या तबेल्यात नोकरीला असताना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना अमानुष मारहाण झाली होती. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामना हॉटेल काढून दिलं आणि मग स्वतःची गाडी भररस्त्यात थांबवून तिथला चहा घेतला. बरोबरच्यांनाही प्यायला लावला. ही गोष्ट कोल्हापुरात आजा नातवाला सांगतो. महाराज त्या दिवशी काय घालून आले होते, हे कुठल्याच आजानं कधी सांगितलेलं नाही. आणि महाराज गेल्यावर काही वर्षांतच नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं करायला पुढं आले, तेही गंगाराम कांबळे आणि त्यांचे समाजबांधवच. ज्या जागेवर आपण साडीच्या काठाची चर्चा करतो, ती ही जागा.

आता बायकांच्या पेहरावाचं. इथं मला थांबावं लागणार आहे, कारण हे माझ्या घरातलं आहे.

माझे वडील गेले तेव्हा आई पंचेचाळिशीची होती. त्यांना उचलायच्या आधी चारचौघी तिला आत घेऊन गेल्या. मला बाहेर ऐकू आलं ते फक्त काचेचं. बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ पुसलेलं होतं, पायात जोडवी नव्हती आणि मनगटावर एक बारीक ओरखडा होता, त्यातून रक्त आलं होतं. तेराव्याला मामांनी माझ्या डोक्यावर पांढरा पटका बांधला. भावकीतले लोक म्हणाले, आता घरातला कर्ता तू. एकाच माणसाच्या जाण्यानं माझ्या डोक्यावर चढलं आणि तिच्या कपाळावरचं उतरलं. मी शिकलेला होतो. शाहू महाराजांवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेलं होतं. आणि मी त्या वेळी एक शब्द बोललो नाही. पुढं कितीतरी दिवस झाडलोट करताना शहाबादी फरशीच्या फटीतून हिरव्या काचेचा एखादा कण निघायचा. तो मी कागदात गुंडाळून टाकायचो, आईच्या नजरेला पडू नये म्हणून.

म्हणून सांगतो: स्मृतिदिनाला बाईनं काय घालावं, हे ठरवणारी जीभ आणि वैधव्यात बाईनं काय उतरवावं, हे ठरवणारे हात एकाच अंगाचे आहेत. आज साडीच्या रंगावर बोट ठेवता, काल कपाळावर ठेवलं होतं. आणि ते तुम्ही कुणाच्या समाधीपुढं करता, हे तरी बघा. महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १२ जून १९१८ रोजी शिकारीत गेले. त्यांच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि पत्नी इंदुमतीदेवी बारा वर्षांच्याही पुऱ्या नव्हत्या. मुलगा गेलेल्या बापानं, त्यातही संस्थानच्या राजानं, रूढी जशी चालली होती तशी चालू दिली असती, तर कुणी नाव ठेवलं नसतं. महाराजांनी सुनेच्या हातात पुस्तक दिलं. घरातून विरोध झाला, तरी सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था लावली, तिला पत्रं लिहिली, तिनं खूप शिकावं असं त्यांच्या मनात होतं. ते स्वतः चार वर्षांत गेले. इंदुमती राणीसाहेबांनी मात्र शिक्षण सोडलं नाही आणि पुढं कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या. त्याआधी, १९१७ मध्येच, महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा संस्थानात केला होता. त्या काळी विधवेनं दुसरं लग्न करणं सोडा, नवी साडी नेसली तरी गाव बोलायचं.

राजघराण्यातल्या बायकांनी समाधीवर कसं यावं, हे ज्यांना सांगायचंच आहे, त्यांना मी माझं मत सांगतो. साधं यावं. दागिने घरी ठेवावेत, रंग शांत असावा. पण हे मत राणीसाहेबांना जेवढं, तेवढंच मागच्या रांगेतल्या तुरेवाल्यांना, तेवढंच पुढाऱ्यांना, तेवढंच मला. ज्याला हे फक्त बायकांना सांगायचं आहे, त्यानं त्या दिवशी घरी बसून महाराजांचे हुकूमनामे वाचावेत. छापलेले आहेत, मराठीत आहेत, वाचनालयात मिळतात. आणि आयोजकांना एक विनंती: पुढच्या वर्षी फाटकावर फेट्यांचं गाठोडं सोडू नका. समाधीजवळ येताना सगळे पायातल्या वहाणा बाहेर काढतात. कोल्हापुरी चप्पल, स्लीपर, बूट, सगळे एकाच ढिगात. साहेबांचे बूट कोणते आणि झाडूवाल्या मावशींच्या चपला कोणत्या, हे ढिगावरून कळत नाही. डोक्यावरचे तुरेही तसेच बाहेर ठेवायला सांगा.

शताब्दीच्या त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती. ४ मे २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. महाराजांच्या शताब्दीला शहरानं पोवाडे केले, चित्ररथ काढले, व्याख्यानं ठेवली आणि शंभर सेकंदही दिले. हेरवाडनं हा ठराव दिला. माझ्या लेखी त्या वर्षीचं सगळ्यात मोठं अभिवादन ते होतं, आणि ते बायकांच्या मनगटावर आणि कपाळावर झालं.

ती बातमी पेपरात आली त्या सकाळी आई सोप्यात बसून पेपर वाचत होती. चष्मा लावून, बोट ओळीखालून सरकवत, नेहमीसारखी. त्या बातमीपाशी बोट थांबलं. तिनं ती पहिल्यापासून पुन्हा वाचली. मग पेपर मांडीवर ठेवून मला म्हणाली,

“हेरवाड म्हंजे कुरुंदवाडजवळचं न्हवं?”

“व्हय.”

“एवढं जवळ हाय की,” आई म्हणाली. आणि उजव्या हातानं डावं मनगट चोळत बराच वेळ तशीच बसून राहिली.